प्राथमिक शाळेचे वसंतांतील दिवस

हायस्कुलाच्या वार्षिकांत प्राथमिक शाळेच्या वृत्ताला बहुधा शेवटचें अर्धें पान मिळतें. स्नेहसंमेलन अमुक तारखेस पार पडलें, क्रीडास्पर्धांत अमुक मुलांनीं बक्षिसें पटकाविलीं, पाहुण्यांनीं समाधान व्यक्त केलें, इतकें आलें म्हणजे वृत्त पुरें झालें असें समजण्याचा प्रघात आहे. अशा वृत्तास आमची हरकत नाहीं. ज्यांचें नांव छापून येतें त्या मुलांस व त्यांच्या आईबापांस होणारा आनंद खरा असतो, आणि तो अंक घरांत वर्षानुवर्षें जपून ठेवला जातो हें आम्ही जाणतों. परंतु फाल्गुनापासून वैशाखाच्या आरंभापर्यंत प्राथमिक शाळेंत जें कांहीं घडतें त्यांतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ह्या अर्ध्या पानावर येत नाहीं, असें आमचें मत आहे. ती गोष्ट कोणती हें सांगण्यापूर्वीं ह्या दिवसांतील शाळेकडे एकदां नीट पाहिलें पाहिजे.

संस्कृत कवींचा वसंत आम्रमंजरीनें, कोकिळांनीं व मलयानिलानें भरलेला असतो. आमच्या अहमदनगर जिल्ह्याचा (२०२४ सालापासून ह्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे) वसंत त्याहून पुष्कळ रुक्ष. ज्वारीची सुगी उरकलेली, रानें उघडीं पडलेलीं, विहिरींचें पाणी खालीं गेलेलें, आणि भर दुपारीं रस्त्यावर चिटपांखरूं दिसूं नये असें ऊन. तरी ह्याच कोरड्या माळावर पळस व पांगारा पानें गाळून फुलतात, सांवरीच्या बोंडांतून कापूस उडूं लागतो, आणि निंबाला तांबूस पालवी फुटते. शाळा सकाळची होते. सकाळच्या शाळेचा आनंद काय असतो हें मोठीं माणसें विसरतात. उन्हें चढण्याच्या आधीं घरीं परतावयाचें आणि पुढें सगळी दुपार आपली! आयांचा ह्या दुपारींविषयींचा अभिप्राय अर्थात् निराळा आहे.

ह्या दिवसांत शिकविण्यासारखें जें बाहेर पडलेलें असतें त्याला पैसा लागत नाहीं. एकच उदाहरण घेऊं. अंगणांत एक मीटर उंचीची काठी सरळ उभी रोवावी आणि दर आठवड्यास मध्यान्हीं तिची सांवली मोजावी. मध्यान्ह म्हणजे घड्याळाचे बारा नव्हेत. आपलीं घड्याळें मिर्झापुराजवळून जाणाऱ्या ८२॥ अंश रेखांशाच्या वेळेप्रमाणें चालतात, आणि नगर त्याच्या बरेंच पश्चिमेस असल्यामुळें येथें सूर्य माथ्यावर येण्यास साडेबारा तरी होतात. २१ मार्चच्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर असतो. नगर विषुववृत्ताच्या उत्तरेस १९ अंशांवर आहे. म्हणून त्या दिवशीं काठीची सांवली सुमारें ३५ सेंटिमीटर भरते. पुढें ती आंखडत जाते. एप्रिलच्या अखेरीस ती आठ सेंटिमीटरांच्या आसपास उरते आणि मे महिन्याच्या मध्यास एके दुपारीं पायथ्याशीं नाहींशी होते. सूर्यानें आपला उत्तम खेळ नेमका सुटींत ठेवावा ह्याला शाळाखात्याचा इलाज नाहीं. पण त्यामुळें एक चांगली गोष्ट साधते: हा पाठ घरींच, आई किंवा आजोबा ह्यांना जवळ बसवून, पुरा करावा लागतो. भूगोलाच्या पुस्तकांतील कर्कवृत्त व मकरवृत्त हीं ज्या मुलाला नुसतीं नांवें वाटत होतीं, त्याला तीं स्वतःच्या अंगणांतील काठीशीं जोडलेलीं दिसतात.

स्नेहसंमेलनाविषयीं आमचें मत कित्येकांस रुचणार नाहीं. भाड्याचे पोषाख, ध्वनिवर्धकावर कर्कश वाजणारें गाणें, आणि चार ओळींत उभीं केलेलीं चाळीस-पन्नास मुलें. त्यांपैकीं पुढच्या पांच-सातांना नाच येतो, बाकीचीं त्यांच्याकडे पाहून हात हालवितात. पोषाखाचे पैसे देणें ज्या घरांना जड जातें त्या घरचीं मुलें नेमकीं त्या दिवशीं आजारी पडतात. हा आजार अनुभवी शिक्षकांना चांगला ओळखतां येतो. ह्याच्या उलट, जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांतून जो बालआनंद मेळावा भरतो तो पाहण्यासारखा असतो. पटांगणांत मुलेंच बाजार मांडतात. कोणी घरची मेथी-कोथिंबीर आणतें, कोणी चिंचा, कोणी आईच्या हातची भेळ. तराजू, मापें, सुटे पैसे, हिशेबाची वही. वर्गांत ज्याला हातच्याची वजाबाकी साधत नाहीं तो तिसरींतला मुलगा येथें पन्नासाच्या नोटेंतून बत्तीस रुपये वळते करून बाकी परत देतो, कारण चुकलें तर नुकसान त्याचें स्वतःचें. आणि जिनें शाळेच्या कागदावर आंगठा उठविलेला असतो ती आई येथें पावकिलोचा भाव कसा काढावा हें मुलाच्या शेजारीं बसून सांगत असते. शाळेंत आपल्यालाही कांहीं येतें हें तिला प्रथमच दिसतें. संमेलनें बंद करावींत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु जो पैसा व जे दिवस खर्चावयाचे त्यांतील मोठा वांटा ह्या बाजारास मिळावा.

पाडव्याला पाटीपूजन करून मूल शाळेंत घालण्याची चाल महाराष्ट्रांत जुनी आहे. अलीकडे 'गुढीपाडवा, पट वाढवा' अशी घोषणाही जिल्हा परिषदेच्या शाळांतून ऐकूं येते. २०२२ सालच्या एप्रिलांत सरकारनें 'पहिलें पाऊल' ह्या नांवानें पहिलींत येणाऱ्या मुलांसाठीं शाळापूर्व तयारीचे मेळावे सुरू केले. करोनाच्या साथींत अंगणवाड्या व शाळा बंद राहिल्यामुळें ज्यांनीं पाटी-पेन्सिलही धरली नव्हती अशीं मुलें त्या वर्षीं पहिलीच्या दाराशीं आलीं होतीं. ह्या योजनेंतील उत्तम भाग म्हणजे गल्लोगल्लीं स्थापिलेले माता-गट. सुटींत आयांनीं एकत्र जमून मुलांकडून डाळी-कडधान्यें निवडवावीं, रंग व आकार ओळखवावे, गोष्टी सांगाव्या, अशी ती कल्पना. जेथें बाई किंवा गुरुजी मेळाव्यानंतरही ह्या आयांची विचारपूस करीत राहिले तेथें ती फळास येते. जेथें छायाचित्र काढून काम संपलें तेथें ती त्या छायाचित्रांतच राहते.

सणांचीही ह्या दिवसांत दाटी असते. २०२५ सालीं पाडवा ३० मार्चला व रमजान ईद ३१ मार्चला, म्हणजे लागोपाठ आली. पुढें रामनवमी, महावीर जयंती, डॉ. आंबेडकर जयंती, उत्तम शुक्रवार आणि २० एप्रिलला ईस्टर. पुरणपोळी, शिरखुर्मा व ईस्टरची मिठाई एकाच डब्यांतून वांटून घेणारीं मुलें मिशनच्या शाळेंत नवलाचीं नाहींत, आणि त्यांना ह्यावर व्याख्यान देण्याची गरजही नाहीं.

आतां त्या न छापलेल्या वृत्ताकडे वळूं. आपला जिल्हा एका अर्थीं दोन जिल्हे आहेत. उत्तरेस प्रवरा व गोदावरी ह्यांच्या कालव्यांवरील उंसाचा मुलूख. लोणीचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील यांनीं धनंजयराव गाडगीळ व वैकुंठभाई मेहता यांच्या साहाय्यानें उभा केला. त्याचा पहिला हंगाम १९५०-५१ सालचा, आणि त्याच्या मागून पुष्कळ कारखाने निघाले. दुसरीकडे पाथर्डीकडील कोरडीं, डोंगराळ गांवें आणि त्यांच्या पलीकडे बीड जिल्हा. ऊंस पहिल्या भागांत पिकतो. तो तोडणारे हात दुसऱ्या भागांतून येतात. दसरा-दिवाळी उरकली कीं मुकादमाची उचल घेतलेलीं कुटुंबें सगळा संसार गाडींत घालून निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशा कोयत्यांची एक टोळी. कोणी पश्चिम महाराष्ट्रांत जातें, कोणी कर्नाटकांत, कोणी गुजराथेंत. फाल्गुन-चैत्रांत कारखान्याचा पट्टा पडला म्हणजे हीं कुटुंबें माघारीं येतात. तोंपर्यंत शाळेचें दुसरें सत्र संपत आलेलें असतें.

ज्यांच्या घरीं धडधाकट आजी-आजोबा असतात तीं मुलें गांवांत राहतात; कांहींना हंगामी वसतिगृहाचा आधार मिळतो. बाकीचीं आईबापांबरोबर जातात. कारखान्याजवळ साखरशाळा असली आणि ती वेळेवर भरली तर ठीक. नाहीं तर त्या मुलांचा हिंवाळा पाचटाच्या कोपींत व उंसाच्या फडांत जातो. आईबाप पहांटेच्या अंधारांत फडावर गेले कीं नऊ-दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापावयास शिकते. मुलगा बैलांना वाढें घालतो, मोळ्या ओढतो. त्यांच्याविषयीं 'शिक्षणाची आवड नाहीं' असें जें सहज बोललें जातें तें आम्हांस अन्यायाचें वाटतें. आवडीचा प्रश्न तेथपर्यंत येतच नाहीं.

कायद्यानें दार उघडें ठेविलें आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ सालचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गांत घेतलें पाहिजे, मागें पडलें असेल तर त्यासाठीं विशेष शिक्षण दिलें पाहिजे, आणि वर्षाच्या मध्येंच आलें म्हणून त्याला परत पाठवितां येत नाहीं, असें त्यांत स्पष्ट आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलांस शिक्षण हमी कार्ड देण्याची व्यवस्था महाराष्ट्रांत झाली आहे. तें घेऊन मूल जेथें जाईल तेथील शाळेंत बसूं शकतें. हें सर्व चांगलें आहे. पण दारांतून आंत आलेल्या मुलाला बसावयास जागा कोठें, हा प्रश्न कायद्याच्या कलमानें सुटत नाहीं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत तें मूल वर्गांत येतें, तर त्याच्या बांकावर दुसरें कोणी बसलेलें असतें. बाकीच्यांना कविता पाठ असते, त्याला तिचें नांवही ठाऊक नसतें. आठ-दहा दिवसांत वार्षिक परीक्षा येते आणि तें कोऱ्या कागदासमोर बसतें. परीक्षेला त्याच्याविषयीं नवें कांहींच कळत नाहीं. त्याला मात्र एक गोष्ट कळते, कीं हें घर आपलें नव्हे. जूनमध्यें तें येत नाहीं, किंवा आलें तरी मन लावीत नाहीं. पुढच्या दिवाळीस तें वर्षानें मोठें झालेलें असतें, आणि अर्धा कोयता उचलूं शकतें.

आमच्या मतें मुलें शाळेंतून गळतात तीं दिवाळींत नव्हेत. दिवाळींत तीं फक्त गांवाहून जातात. गळतात तीं चैत्रांतील ह्या तीन आठवड्यांत, सर्वांच्या डोळ्यांदेखत, हजेरीपटावर नांव असतांना. म्हणून आमची सूचना अशी, कीं परत आलेल्या मुलासाठीं हे तीन आठवडे वर्षाचा शेवट न मानतां आरंभ मानावा. त्याची जागा व त्याची वही राखून ठेवावी. पहिल्या दिवशीं 'इतके दिवस कोठें होतास' हें दटावून न विचारतां ऐकण्याच्या उत्सुकतेनें विचारावें, कारण सांगण्यासारखें त्याच्यापाशीं पुष्कळ असतें. कारखान्याच्या काट्यावर भरलेल्या गाडीचें वजन कसें करितात व रिकाम्या गाडीचें त्यांतून कसें वजा करितात, टनाला भाव असेल तर खेपेचे किती होतात, हें गणित त्यानें रोज ऐकलेलें असतें. कर्नाटकांत राहून आलेल्याला कानडीचे चार शब्द येत असतात. त्यानें तीं दोन गणितें फळ्यावर मांडलीं आणि ते शब्द वर्गाला शिकविले, तर वर्गाचें ज्ञान वाढेल आणि त्याची मान वर होईल.

शिक्षक ह्यावर म्हणतील कीं अभ्यासक्रम पुरा करावयाचा, निकालपत्रें लिहावयाचीं, पोषण आहाराचा हिशेब ठेवावयाचा, आणि वरून हें. लहान गांवांत दोन शिक्षक चार-चार वर्ग संभाळतात हें आम्हांस ठाऊक आहे, व त्यांच्या तक्रारींत तथ्य आहे. म्हणूनच हें काम एकट्या शिक्षकावर टाकूं नये. हायस्कुलांतील विद्यार्थ्यांनो, येथें तुमचें काम आहे. आठवी-नववीच्या मुलामुलींनीं रोज सकाळीं अर्धा तास एका मुलाला वाचून दाखवावें व त्याच्याकडून वाचून घ्यावें. मे महिन्यांतही हें चालूं शकतें. आणि पालकांना आमची विनंति आहे कीं टोळीहून आलेल्या मुलाशेजारीं आपलें मूल बसविलें म्हणून तक्रार घेऊन येऊं नये. अशी तक्रार कोठेंही येते तेव्हां ती मोठ्या सभ्य शब्दांत येते, आणि तिचा अर्थ मुलाला बरोबर कळतो.

मिशनच्या शाळांना हें काम परकें वाटण्याचें कारण नाहीं. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस् सिंथिया फॅरार ह्या १८३९ सालीं नगरास आल्या आणि १८६२ सालीं मरेपर्यंत त्यांनीं येथें मुलींच्या शाळा चालविल्या. त्या काळीं मुलीला शाळेंत धाडण्यास घरोघर नकार होता. जोतीराव फुले यांनीं त्यांची शाळा पाहिली, आणि सावित्रीबाईंनीं अध्यापनाचें शिक्षण घेतलें तें ह्याच गांवीं त्यांच्यापाशीं. पुढें १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं निवेदन केलें कीं बारा वर्षांच्या वयापर्यंत तरी प्राथमिक शिक्षण सक्तीचें असावें. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं प्राथमिक शिक्षणाचें बिल वरिष्ठ कायदेमंडळांत १६ मार्च १९११ रोजीं मांडलें, आणि १९ मार्च १९१२ रोजीं तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेटाळलें गेलें. म्हणजे ह्याच फाल्गुन-चैत्राच्या दिवसांत. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं मात्र १९१७ सालींच सक्तीचें व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करण्याचें ठरविलें. गोखल्यांच्या बिलानंतर जवळजवळ शंभर वर्षांनीं देशभर कायदा झाला. आतां अडून राहिलेलें काम कायदेमंडळाचें नाहीं, वर्गांतलें आहे.

परीक्षेच्या वेळेविषयीं दोन शब्द. २०२५ सालीं राज्यांतील पहिली ते नववीच्या परीक्षा ८ ते २५ एप्रिल अशा ठेवण्यांत आल्या, आणि उन्हाची तक्रार झाली. परीक्षा लवकर उरकल्या तर मुलें एप्रिलभर शाळेकडे फिरकत नाहींत, हें खात्याचें म्हणणें. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हांत लहान मुलांना किती दिवस बसवावें, हें शिक्षक-पालकांचें म्हणणें. आमच्या मतें दोघांचेंही बरोबर आहे, व म्हणूनच परीक्षा लवकर, सकाळीं, थोडक्यांत उरकावी. आणि उरलेल्या दिवसांत परीक्षेहून अधिक ओढ लागेल असें कांहीं शाळेंत असावें. गोष्टींचीं पुस्तकें, फाटलेल्या पुस्तकांना कव्हरें घालणें, पांखरांसाठीं पाण्याचीं मातीचीं भांडीं, तो बाजार, ती काठी. टोळीहून आलेलें मूल अशा दिवसांत कोणाच्याही मागें पडत नाहीं.

वार्षिकाच्या पुढील अंकांत प्राथमिक शाळेच्या वृत्तांत एक ओळ वाढवावी असें आम्हीं संपादकांस कळविलें आहे: चैत्रांत किती मुलें परत आलीं, आणि त्यांपैकीं किती जूनमध्यें वर्गांत बसलीं. नांवें छापण्याची गरज नाहीं, आंकडा पुरे. कोणाच्या शेजारीं-पाजारीं असें कुटुंब नुकतेंच आलें असेल तर त्यांनीं वर्गशिक्षकांस किंवा बाईंना आजच कळवावें, जुलैची वाट पाहूं नये. मुलाजवळ दाखला नसला तरी चालेल. शिक्षण हमी कार्ड असल्यास सोबत आणावें, नसल्यास मुलालाच घेऊन यावें.